बोलोन्यात छत्री पिशवीतच राहिली

इटलीत फ्लॉरेन्सहून वेगवान रेल्वेने चाळीस मिनिटांच्या आत बोलोन्या येतं. आम्ही उतरलो तेव्हा नोव्हेंबरचा बारीक पाऊस लागला होता. आईचं वय अडुसष्ट, उजवा गुडघा दुखरा, त्यात दगडी फरशांचं गाव. टॅक्सी करावी का, असं वाटून गेलं. पण स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला आणि कमानी सुरू झाल्या. तिथून मुख्य चौकापर्यंत दीडेक किलोमीटर आलो, ते जवळजवळ सगळं कोरड्यातून.

स्टेशनवर पाच मिनिटं थांबा. 2 ऑगस्ट 1980 रोजी इथल्या प्रतीक्षागृहात बॉम्ब फुटला आणि 85 माणसं गेली. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ 10:25 वर थांबवून ठेवलेलं आहे. आत भिंतीला पडलेली भेग तशीच राखली आहे आणि शेजारी नावं कोरली आहेत.

आता कमानींबद्दल. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवर कमानींखालून ज्यांनी पावसाळा काढला आहे, त्यांना ही सोय लगेच कळेल. बोलोन्यात मात्र असे पोर्तिको, म्हणजे कमानींखालच्या वाटा, एकूण 62 किलोमीटर आहेत आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. मध्ययुगात विद्यापीठामुळे गावात विद्यार्थ्यांची गर्दी झाली. लोकांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खालून खांबांचा आधार दिला. इतर गावांनी अशी बांधकामं पाडायला लावली. बोलोन्याने 1288 मध्ये उलटा नियम केला, की नव्या घराला पोर्तिको हवाच, आणि उंची अशी की घोडेस्वार खालून जाऊ शकेल. जागा घरमालकाची, देखभाल त्याची, वाट मात्र सगळ्यांची. सातशेहून जास्त वर्षं झाली, आजही तसंच आहे. आपल्या घराची ओसरी गावाला चालायला द्यायची, ही गोष्ट मला तिथल्या कुठल्याही चित्राहून मोठी वाटली. स्त्रादा माज्जोरेवरचं कासा इसोलानी जरूर बघा. तेराव्या शतकातले लाकडी खांब तिथे अजून उभे आहेत, इतके उंच की मान मागे टाकावी लागते.

पियात्सा माज्जोरे हा मुख्य चौक. तिथलं सान पेत्रोनिओ चर्च 1390 मध्ये सुरू झालं आणि त्याचं दर्शनी तोंड कधीच पुरं झालं नाही. खाली गुलाबी-पांढरा संगमरवर, वर उघड्या विटा. मधल्या दाराभोवती याकोपो देल्ला क्वेर्चाने कोरलेले बायबलमधले प्रसंग आहेत. पुढे रोममध्ये सिस्टिन चॅपेलचं छत रंगवणाऱ्या मायकेलअँजेलोने ते तरुणपणी इथे पाहिले होते. आदमला घडवण्याचा प्रसंग नीट बघा, म्हणजे नातं दिसेल.

आत गेल्यावर डाव्या बाजूला जमिनीत पितळी पट्टी आहे, जवळजवळ 67 मीटर लांब. ज्योव्हान्नी दोमेनिको कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मध्ये ती आखली. वर छताला 27 मीटर उंचीवर एक बारीक भोक आहे. मध्यान्हीला त्यातून आलेला सूर्याचा ठिपका पट्टी ओलांडतो. आम्ही पहिल्या दिवशी गेलो तर ढग होते. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा धावत गेलो. पट्टीलगत राशी कोरल्या आहेत. ठिपका वृश्चिक आणि धनूच्या खुणांमध्ये पडला, तशी आई म्हणाली, "अगं, सूर्य तर अजून तुळेत आहे, पंचांग बघून निघालेय मी." बरोबरच होतं तिचं. इथल्या राशी सायन आहेत, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या; आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं. एवढ्या एका ठिपक्यावर आम्ही अर्धा तास बोललो. जाणार असाल तर वेळेचं लक्षात ठेवा: नोव्हेंबरात घड्याळात बारा वाजता मध्यान्ह होते, पण उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असल्याने हे सव्वाच्या सुमाराला दिसतं. दुपारी कुठलं चर्च किती वाजता बंद होतं, तेही आदल्या दिवशी बघून ठेवा.

चौकातच पालाझ्झो देल पोदेस्ता या वाड्याच्या खाली चार रस्ते मिळतात, तिथलं छत घुमटाकार आहे. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. आई पलीकडून म्हणाली, "भूक लागली."

खाण्याआधी एक शिल्प मात्र बघूनच घ्या. चौकाला लागून व्हिआ क्लावातूरे गल्लीत सांता मारिया देल्ला व्हिता हे चर्च आहे. आत निकोलो देल्लार्का याने पंधराव्या शतकात भाजक्या मातीत घडवलेला शोक आहे. मध्ये मृत ख्रिस्त आणि भोवती माणसाएवढ्या उंचीची माणसं. उजव्या टोकाची मेरी मॅग्डालेन धावत येते आहे, वस्त्र मागे उडतंय, तोंड किंकाळीत उघडलेलं. मातीत एवढा आक्रोश मी दुसरीकडे पाहिला नाही. आई चर्चमधल्या बाकावर बसून राहिली आणि बराच वेळ बोलली नाही. तिकीट आहे, पण ते वाचवू नका.

याच निकोलोला 'देल्लार्का' हे नाव सान दोमेनिको चर्चमधल्या समाधीवरच्या (इटालियनमध्ये 'आर्का') कामामुळे मिळालं. तिथे फुकट जाता येतं. तो गेल्यावर उरलेल्या तीन लहान मूर्ती एकोणीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने केल्या. त्यातल्या एका मूर्तीत संत पेत्रोनिओने अख्खं बोलोन्या शहर मनोऱ्यांसकट हातात धरलं आहे.

ते खरे मनोरे म्हणजे आझिनेल्ली, 97 मीटर, आणि शेजारचा झुकलेला गारिझेंदा. गारिझेंदाच्या धोक्यामुळे ऑक्टोबर 2023 पासून हा भाग बंद केला आणि आझिनेल्लीवर चढणंही थांबलं. जुन्या प्रवासवर्णनांतल्या 498 पायऱ्यांवर बेत आखू नका, निघण्यापूर्वी सद्यस्थिती तपासा. त्याऐवजी आर्किजिन्नाझिओला वेळ द्या. ही विद्यापीठाची 1563 ची इमारत, भिंती विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी भरलेल्या. वरच्या मजल्यावर शवविच्छेदनाचं लाकडी सभागृह आहे. जानेवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळलं. ढिगाऱ्यातून लाकडाचे मूळ तुकडे वेचून ते पुन्हा उभं केलं आहे. व्हिआ पिएल्लावरच्या खिडकीतून कालवा दिसतो म्हणतात, तिथे फोटोसाठी रांग असते. वेळ कमी असेल तर सोडून द्या.

आता शाकाहारी मंडळींसाठी. आई अंडं खाते, मांस-मासे नाही. अंडंही चालत नसेल तर बोलोन्या अवघड आहे, कारण इथल्या ताज्या पास्त्याच्या कणकेतच अंडी असतात. इथली ख्याती तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, आणि तालियातेल्ले अल रागू, म्हणजे दाट रागू घातलेल्या पास्त्याच्या पट्ट्या, यांची. तोर्तेल्लीनीत डुकराचं मांस असतं आणि ते मांसाच्या रश्शात वाढतात. रागूतही मांसच. आईसाठी मिळाली तोर्तेल्लोनी. नाव जवळजवळ तेच, आकार मोठा, आत रिकोटा चीज, वर लोणी आणि सेजची पानं. मागवताना 'ल्ली' की 'ल्लो', ते नीट उच्चारा. 'सेन्त्सा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून थांबू नका. हॅम आणि रश्शाबद्दल वेगळं विचारा. पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट (पोटातून काढलेलं, दूध नासवणारं विरजण) असतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी वरून किसून घालू नका म्हणून आधीच सांगावं.

बाजारगल्ल्यांत, म्हणजे क्वाद्रिलातेरोमध्ये, एका दुकानाच्या काचेआड दोन बायका पास्ता लाटत होत्या. त्यांना स्फोलिना म्हणतात. हातभरापेक्षा लांब लाटणं, आणि पोळी एवढी पातळ की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. आई काचेला लागून उभी राहिली. त्यातल्या वयस्क बाईने तिच्याकडे बघून लाटणं थोडं वर उचललं, आईने हवेत करंजी मुरडून दाखवली. दोघी हसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती.

मी खाल्लेली तोर्तेल्लीनी जायफळाच्या वासाची, रस्सा हलका. थंडीत याहून चांगलं काही नाही. गोडात तोर्ता दि रीझो मागा: तांदूळ, दूध, बदाम, अंडी. खिरीची वडी म्हटली तर चालेल, पण काही ठिकाणी वरून बदामाचं मद्य लावतात, विचारून घ्या. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लागतो, ती फसवणूक नव्हे, टेबलाचे पैसे असतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि शुक्रवार-शनिवारी जागा आधी सांगून ठेवावी लागते. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्या, नाहीतर दंड बसतो.

शेवटचा दिवस सान लूकासाठी ठेवा. टेकडीवरच्या या देवळापर्यंत शहराच्या पोर्ता सारागोझ्झापासून सलग पोर्तिको आहे, 3.8 किलोमीटर, 666 कमानी म्हणतात. कारण पुन्हा पाऊसच. 1433 मध्ये पिकं बुडवणारा पाऊस थांबेना, म्हणून वरच्या मेरीचं चित्र मिरवणुकीने शहरात आणलं आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. दर मे महिन्यात चित्र आजही खाली येतं. त्या वाटेवर ऊन-पाऊस लागू नये म्हणून सतराव्या शतकात लोकांनी वर्गण्या काढून कमानी बांधायला घेतल्या. दिंडीच्या वाटेवर गावोगावचे लोक मांडव घालतात, तसा हा दगडविटांचा मांडव.

वर जाताना मेलोन्चेल्लोच्या कमानीनंतर चढ आणि पायऱ्या आहेत, गुडघे साथ देत नसतील तर चौकातून सुटणाऱ्या छोट्या पर्यटक गाडीने जा आणि परत पायी उतरा. आम्ही तसंच केलं. कमानींना आकडे घातलेले आहेत, ते उतरताना कमी होत जातात. आई दर पन्नासाला थांबून खांबाला हात लावत होती. मेलोन्चेल्लोला पोचलो तेव्हा बाहेर धो धो कोसळत होतं. तिथून शहरात जायला बस मिळते. मी विचारलं, बसने जाऊया का? ती म्हणाली, "छप्पर आहे की डोक्यावर, चल."