बेंचवरचा रिले, नोंद ६: रेकॉर्ड वाचा, उतरवून घ्या, मगच पुसा

वापरलेला रिले (विजेच्या लाइनवरचा बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) बेंचवर आला की त्याच्या पोटात आधीच्या पॅनेलचा इतिहास असतो. तो पुसायची घाई करू नये. या टप्प्यात मायकॉम पी१४० फीडर रिलेवर चार कामं झाली: जुने रेकॉर्ड वाचले, संगणकावर उतरवले, मेमरी कोरी केली आणि त्या कोऱ्या मेमरीत एकच ओळखीचा फॉल्ट नोंदवून बघितला. चौथ्या कामानं सर्वात जास्त वेळ खाल्ला, आणि शिकण्यासारखं सगळं तिथंच होतं.

सुरुवात बॅटरीपासून. या पिढीच्या रिलेत इव्हेंट (घडामोडींची यादी), फॉल्ट (बिघाडाचा तपशील) आणि डिस्टर्बन्स (त्या वेळचे वेव्हफॉर्म) रेकॉर्ड बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या मेमरीत असतात. पुढच्या बाजूच्या खालच्या झाकणामागे अर्ध्या एए आकाराची, ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ‘डेट अँड टाइम’ कॉलममध्ये बॅटरी स्टेटस ‘हेल्दी’ दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर रिलेचा सप्लाय बंद करू नका, आधी रेकॉर्ड उतरवून घ्या. बॅटरी मेलेली असताना सप्लाय गेला की रेकॉर्डही जातात. वाहतुकीसाठी बॅटरीच्या टोकापाशी सरकवलेली प्लॅस्टिकची पट्टी कधीकधी तशीच राहून गेलेली असते, तीही बघा.

वाचायचं ते ‘व्ह्यू रेकॉर्ड्स’ कॉलममधून. ‘सिलेक्ट इव्हेंट’ला ० म्हणजे सर्वात ताजी नोंद, आकडा वाढेल तसे आपण मागे जातो. प्रत्येक नोंदीवर १ मिलिसेकंदापर्यंतची वेळ असते. घटनाक्रम लावताना मोठ्या आकड्याकडून शून्याकडे वाचत या, नाहीतर ट्रिप (ब्रेकर उघडण्याचा हुकूम) आधी आणि स्टार्ट (मर्यादा ओलांडल्याची जाणीव) नंतर असा उलटा अर्थ लागतो. ‘सिलेक्ट फॉल्ट’मध्ये ० ते ४ असे शेवटचे पाचच फॉल्ट असतात. प्रत्येकाखाली कोणता फेज स्टार्ट झाला, कोणतं एलिमेंट ट्रिप झालं, त्या वेळचा सेटिंग ग्रुप, प्रवाह, रिले ट्रिप टाइम अशी माहिती मिळते. डिस्टर्बन्स रेकॉर्ड मात्र रिलेच्या पडद्यावर बघता येत नाही. तो सॉफ्टवेअरनंच काढावा लागतो.

आमच्या रिलेची इव्हेंट यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच ऑप्टो इनपुटच्या (बाहेरचा संपर्क चालू की बंद ते रिलेला कळवणारं टोक) चालू-बंद नोंदींनी भरलेली होती. यादी भरली की सर्वात जुनी नोंद गळून पडते, त्यामुळे असा फडफडणारा एक इनपुट कामाच्या सगळ्या नोंदी बाहेर ढकलतो. कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक: लांब वायरीत इंड्यूस होणारा एसी, किंवा सैल पडलेला सहायक संपर्क. त्या इनपुटचा अर्ध्या सायकलचा फिल्टर चालू आहे का ते आधी बघा. ‘रेकॉर्ड कंट्रोल’मध्ये ‘ऑप्टो इनपुट इव्हेंट’ सरसकट बंद करण्याची सोय आहे, पण ती वापरू नये असं आमचं ठाम मत आहे. ब्रेकरची स्थिती सांगणारे इनपुटही त्याच दाराने येतात.

उतरवून घेण्यासाठी पुढचा ९ पिनांचा पोर्ट वापरला: १९२०० बॉड, इव्हन पॅरिटी. एस१ स्टुडिओ या रिलेच्या सॉफ्टवेअरमधून इव्हेंट आणि डिस्टर्बन्स दोन्ही काढले. वेव्हफॉर्म कॉमट्रेड (अशा नोंदींचं प्रमाणित फाइल स्वरूप) स्वरूपात साठवले की दोन फायली तयार होतात. सीएफजीमध्ये चॅनेलांची नावं आणि गुणक असतात, डॅटमध्ये नमुने. दोन्ही एकाच नावानं एकत्र ठेवा. सीएफजी हरवली की डॅटमधले आकडे निरर्थक होतात. मेंटेनन्स रेकॉर्डमधले (रिलेच्या स्वतःच्या दोषांच्या नोंदी) टाइप आणि डेटाचे आकडे कागदावरही लिहून ठेवले. हार्डवेअरचा जुना आजार असेल तर तो तिथंच कळतो.

आता पुसणं. ‘रेकॉर्ड कंट्रोल’मध्ये ‘क्लिअर इव्हेंट्स’, ‘क्लिअर फॉल्ट्स’, ‘क्लिअर मेंट’ अशा वेगवेगळ्या ओळी आहेत. एंटर दाबा, बाणानं ‘नो’चं ‘येस’ करा, पुन्हा एंटर. यासाठी लेव्हल १ चा पासवर्ड पुरतो. इथे एक धोका आहे. प्रोटेक्शनची सेटिंग बदलताना रिले शेवटी ‘अपडेट सेटिंग्ज’ असं विचारतो. इथे तो दुसऱ्यांदा विचारत नाही, दुसऱ्या एंटरबरोबर मेमरी गेली. इव्हेंट पुसल्यावर यादी पूर्ण रिकामी दिसत नाही, ‘इव्हेंट्स पुसले’ अशी एक नवी नोंद तिथे येते. ती तशीच असायला हवी. ‘रीड’ दाबून ‘सी’नं अलार्म आणि एलईडी घालवणं हे वेगळं काम आहे, त्यानं रेकॉर्डला धक्काही लागत नाही.

कोऱ्या मेमरीवर चाचणी: पिकअप (स्टार्टची मर्यादा) ०.५ अँपिअर, स्टँडर्ड इन्व्हर्स (प्रवाह जास्त तितकी ट्रिपची वेळ कमी असा वक्र), टीएमएस (वेळेचा गुणक) ०.१, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ४००/१. ए फेजमध्ये २.५ अँपिअर सोडले, म्हणजे सेटिंगच्या ५ पट. सूत्रानं ०.१ × ०.१४ ÷ (५^०.०२ − १) = ०.४२८ सेकंद. या रिलेची मुभा ५ टक्के किंवा ४० मिलिसेकंद, यातली जी जास्त ती, म्हणजे ०.३८८ ते ०.४६८ मधलं काहीही चालेल. प्रायमरी (सीटीच्या लाइनकडच्या बाजूच्या) आकड्यांत रेकॉर्डमध्ये १००० अँपिअरच्या आसपास दिसायला हवं. २०० किंवा ५०० दिसलं तर इंजेक्शन किटला (चाचणीचा प्रवाह सोडणारं यंत्र) दोष देण्याआधी सीटी रेशो तपासा.

ट्रिप वेळेत झाला, स्टार्ट आणि ट्रिपचे इव्हेंट आले, पण फॉल्ट रेकॉर्ड आलाच नाही. दोष पीएसएलमध्ये, म्हणजे रिलेच्या आत आपण जोडायच्या लॉजिकमध्ये, निघाला. फॉल्ट रेकॉर्डचा ट्रिगर मूळ लॉजिकमध्ये रिले ३ या आउटपुटवरून घेतलेला असतो, आणि आधी कोणीतरी तो आउटपुट लॅच्ड (एकदा चालू झाला की रीसेट करेपर्यंत चालूच राहणारा) करून ठेवला होता. ट्रिगर देणारा आउटपुट रीसेट होईपर्यंत रिले फॉल्ट चालूच आहे असं समजतो आणि रेकॉर्ड बंद करत नाही. लॅच सोडवल्याक्षणी रेकॉर्ड हजर झाला. त्यानंतर रिले ३ सेल्फ-रीसेट केला आणि लॅच फक्त एलईडीवर ठेवला. पीएसएल नव्यानं लिहिणाऱ्यांनी ट्रिगरची ही एक रेघ विसरू नये. ती सुटली तर रिले ट्रिप देत राहतो आणि फॉल्टची यादी रिकामीच राहते.

डिस्टर्बन्स रेकॉर्डर सध्या मूळ सेटिंगवरच आहे: १.५ सेकंद लांबी, ट्रिगर ३३.३ टक्क्यांवर, म्हणजे आधीचा अर्धा सेकंद आणि नंतरचा एक. मोड ‘सिंगल’ आहे, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना आलेला दुसरा ट्रिगर दुर्लक्षित होतो. पुढच्या नोंदीत ‘एक्स्टेंडेड’ मोड लावून, ०.६ सेकंदांच्या अंतरानं दोन फॉल्ट देऊन दोन्ही एकाच रेकॉर्डमध्ये येतात का ते बघायचं आहे.