इंजिनाचा विचार नंतर, आधी रोटर

परवा सकाळी माझ्या जायरोप्लेनची, म्हणजे डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी पाती असलेल्या माझ्या छोट्या उडत्या यंत्राची, पाती पहिल्यांदा वाऱ्यावर फिरली. इंजिन बंद होतं, चाकांना लाकडी ठोकळे लावले होते, वारा बरोबर समोरून होता. सीटवर बसून हात वर केला की पातं तळहाताला लागतं. एक ढकललं, मागून दुसरं आलं, तेही ढकललं. पंधरा-वीस वेळा असं केल्यावर हाताला काम उरलं नाही. वाऱ्याने पाती आपल्या ताब्यात घेतली. स्टिक, म्हणजे पात्यांचा कल बदलणारा दांडा, आधी पुढे धरली होती, ती बोटभर मागे घेतली तसा वेग वाढला. आणखी बोटभर घेतली, आणखी वाढला. सुरुवातीला एकेक मोजता येणारा सुप्-सुप् आवाज जवळजवळ येत गेला आणि शेवटी त्याची एक सलग घरघर झाली. डोळ्यांत पाणी आलं. पावणेदोन वर्षं हाताने घासलेल्या, मोजलेल्या, पुसलेल्या वस्तूत जीव आल्यासारखं वाटलं.

जायरोप्लेन बनवायचं म्हणणारा जो तो आधी इंजिनाबद्दल विचारतो. किती ताकदीचं, दोन स्ट्रोकचं की चार. मीही तिथूनच सुरुवात केली होती. आज मला कोणी विचारलं तर मी सांगेन, रोटर, म्हणजे डोक्यावरची ही फिरणारी पाती, समजून घ्या. इंजिन फक्त मागून पुढे ढकलतं. हवेत असताना त्याचा रोटरशी काहीही संबंध नसतो. रोटरची चकती मागे किंचित कललेली असते, पुढून येणारी हवा तिच्या खालून वर जाते आणि तीच पाती फिरवत ठेवते. हेलिकॉप्टरमध्ये हवा वरून खाली ढकलली जाते, इथे नेमकं उलट. भिरभिरं घेऊन धावणाऱ्या मुलाच्या हातात मोटर नसते, तसंच. म्हणून इंजिन बंद पडलं तरी पाती फिरतच राहतात आणि यंत्र पायऱ्या उतरल्यासारखं खाली येतं.

मी टूलरूममध्ये मापं तपासण्याचं काम करते, त्यामुळे आकड्यांशिवाय मला काही पटत नाही. माझा रोटर २३ फुटांचा, म्हणजे सुमारे ७ मीटर व्यासाचा आहे. मिनिटाला ३६० फेऱ्या धरल्या तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ४७५ किलोमीटर येतो. आता यंत्र ताशी ८० ने पुढे चाललंय असं धरा. पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला ५५५ चा वारा लागतो, मागे जाणाऱ्याला ३९५ चा. एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. यंत्र कलंडायलाच हवं.

आणि ते कलंडतच होतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांची पहिली यंत्रं याच कारणाने फसली. त्यांचं छोटं मॉडेल मात्र छान उडायचं, कारण त्याची पाती लवचीक होती. हे लक्षात आल्यावर त्यांनी मोठ्या यंत्राच्या पात्यांना मुळाशी बिजागऱ्या दिल्या. पुढे येणारं पातं वर उचललं जातं आणि आपला हवेतला कोन कमी करतं, मागे जाणारं खाली येतं आणि कोन वाढवतं. हिशेब आपोआप जुळतो. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्यांचं सी.४ नावाचं यंत्र उडालं. माझ्या दोन पात्यांच्या रोटरला एकच बिजागरी पुरते. मधोमध एक टीटर बोल्ट आणि त्यावर अख्खा रोटर सीसॉच्या फळीसारखा डुलतो. आपण त्या एका बोल्टला लटकून उडतो. तो हातात घेऊन मायक्रोमीटर लावला तेव्हा मी नेहमीच्या तिप्पट वेळा मोजलं.

सांगाडा तसा साधा आहे. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची दोन बाय दोन इंची चौकोनी नळी, पट्ट्या, विमानाच्या दर्जाचे बोल्ट. साधा असला तरी वेळ खातो. प्रत्येक भोक आधी लहान पाडायचं, मग रीमरने मापाला आणायचं, दोन्ही कडांची बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, काढायची. बोल्टचे आटे भोकात येता कामा नयेत, भार त्याच्या गुळगुळीत अंगावरच पडला पाहिजे. मास्टच्या, म्हणजे रोटर पेलणाऱ्या उभ्या नळीच्या, एका भोकात माझं ड्रिल जरा तिरकं गेलं. बोल्ट बसला, पण सैल. बाहेरून कोणाला दिसलं नसतं. दोन दिवस ती नळी कोपऱ्यात उभी होती आणि मी येता-जाता तिच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी करवत घेऊन तिचे तुकडे केले, पुन्हा मोह व्हायला नको म्हणून.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो दोरा ताणण्याने. रोटर जोडून आडवा ठेवायचा, दोन्ही पात्यांच्या टोकांवर ठरलेल्या खुणा करायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक नायलॉनचा दोरा ताणायचा. दोरा बरोबर मधल्या खुणेवरून गेला पाहिजे. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये मी भिंग घेऊन. दोरा दीड मिलिमीटर बाजूने जात होता. बोल्ट सैल करायचे, पातं केसभर सरकवायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा दोरा. संध्याकाळ झाली. दादा म्हणाला, "ताई, दीड मिलिमीटरने काय होतंय?" मी म्हटलं, "तोच दीड मिलिमीटर माझ्या हातात स्टिक थरथरवणार आहे." पाती सरळ रेषेत नसली तर रोटरचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षावर राहत नाही आणि प्रत्येक फेरीला स्टिकला एक झटका बसतो. शेवटी दोरा खुणेवर आला तेव्हा वहिनीनेच आधी ओरडून सांगितलं.

उडायला शिकणं मात्र माझ्या यंत्रावर नाही, शिकवणाऱ्या सरांच्या दोन सीटच्या यंत्रावर चाललंय. याबद्दल मी ठाम आहे. एका सीटचं यंत्र घरी बनवून, वाचून वाचून स्वतःच उडायला शिकायचं, या नादात या छंदाने पूर्वी बरेच जीव घेतलेत.

माझ्या चौथ्या धड्यात रोटर जेमतेम १२० फेऱ्यांवर होता आणि मी घाईने थ्रॉटल दिला. दोनच सेकंदांत स्टिक हातात आपटायला लागली, डावी-उजवी, खेचरासारखी. सरांचा हात आधीच थ्रॉटलवर होता. यंत्र थांबल्यावर ते शांतपणे म्हणाले, "ताई, पाती अजून झोपेत होती. तुम्ही त्यांना वाऱ्यात ढकललंत." रोटर हळू आणि चाकं वेगात असली की मागे जाणाऱ्या पात्याला उचल मिळत नाही, ते खाली कोसळतं आणि थेट रडरवर (शेपटीच्या उभ्या पंखावर) किंवा प्रोपेलरवर आपटू शकतं. तेव्हापासून माझी नजर आधी रोटरच्या टॅकोमीटरवर, म्हणजे फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर जाते, मग बाकी सगळीकडे.

हवेतला धोका याच्याच जातीचा आहे. पात्यांवर भार असेल तरच ती फिरतात. वर चढताना एकदम स्टिक पुढे ढकलली की अंग हलकं होतं, रोटरवरचा भार जातो, फेऱ्या झपाट्याने उतरतात. इंजिन रोटरला जोडलेलंच नाही, त्यामुळे थ्रॉटल देऊन त्या परत येत नाहीत. उलट प्रोपेलरचा जोर गुरुत्वमध्याच्या वरून लागत असेल तर तो नाक आणखी खाली दाबतो. विमान चालवून आलेल्यांना हे जड जातं, कारण वेग कमी झाला की स्टिक पुढे, ही त्यांच्या हाताची सवय. सरांनी माझ्याकडून शंभरदा वदवून घेतलंय: हलकं वाटलं की थ्रॉटल कमी, स्टिक हळूच मागे. याच कारणासाठी मी शेपटीचा आडवा पंख ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मोठ्या मापाचाच लावतेय, वजन वाढलं तरी.

पुढच्या आठवड्यात लटकवून बघायचंय. टीटर बोल्टच्या जागेवर साखळी अडकवून यंत्र छताच्या तुळईला टांगायचं, मी सीटवर, टाकीत इंधन, आणि दादाने मास्टला कोनमापक लावायचा. नाक किती झुकतं त्यावर सीट पुढे घ्यायची की मास्टची पट्टी बदलायची ते ठरेल.

परवा मात्र वारा पडेपर्यंत पाती फिरू दिली. मग स्टिक पुढे घेतली, ब्रेक लावला, पूर्ण थांबेपर्यंत सीटवरून उठले नाही. खाली उतरून मागचं पातं कीलला, म्हणजे सांगाड्याच्या तळाच्या आडव्या नळीला बांधलं, दोन्ही पाती ओल्या फडक्याने पुसली. पुढच्या कडेवर बारीक धूळ आणि एक चिलट चिकटलं होतं.