खडीच्या खाणीवर धौ लावताना

गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाची जवळपास ३९० एकर जमीन एके काळी दगडखाणींची होती. इथला डोंगर फोडून क्रशरवर खडी व्हायची. खाणी बंद पडल्या तेव्हा मागे खड्डे आणि बाहेरून येऊन माजलेली वेडी बाभूळ उरली. २०१०पासून नागरिकांनी महापालिकेच्या साथीने तिथे जंगल परत आणायला घेतलं. नोकरीमुळे इकडे आल्यावर मीही पावसाळ्यात श्रमदानाला जाऊ लागलो.

सोबतच्या बऱ्याच जणांना वड, पिंपळ, गुलमोहर लावायचे असत. तिथल्या जाणकारांचा नियम मात्र पक्का: अरवलीवर मुळात जे होतं तेच लावायचं. धौ, सालई, खैर, पळस आणि त्यांच्यासोबत झुडपं नि गवतंही. मला हे मनापासून पटतं. माती खरवडून गेलेल्या, मे महिन्यात भाजून निघणाऱ्या खडकावर गुलमोहर जगवायचा तर जन्मभर टँकर लागेल. धौ आपल्या धावड्याचाच भाऊबंद, पण या खडकाला सरावलेला.

लावणीचं काम सावकाश होतं. कुदळ चार बोटं खाली गेली की खडक लागतो. मग पहारीने फट शोधायची, तिच्यात माती भरून रोप बसवायचं आणि उताराच्या बाजूने दगडांचं अर्धगोल आळं रचायचं, म्हणजे पाणी मुळाशी थांबतं. नर्सरीतलं काम याहून चिवट. धौला बी भरपूर येतं, पण त्यातलं बहुतेक पोकळ! पेरलेल्यातलं फार थोडं उगवतं, म्हणून धौचं रोप हातात आलं की मी ते फार जपून उतरवतो.

वेडी बाभूळ वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. ती खोडाखालच्या गड्ड्यासकट खणूनच काढावी लागते.

आता इथे पायवाटा आहेत, शाळेची मुलं येतात, नीलगाय आणि कोल्हेही आहेत. २ फेब्रुवारी २०२२ रोजी या उद्यानाला ओईसीएम हा दर्जा मिळाला, म्हणजे अभयारण्य नसूनही जिथे जैवविविधता टिकून राहते अशी जागा. देशातली ही पहिलीच.

मूळ अरवली पाहायची तर फरिदाबाद जिल्ह्यातली मांगर बनी पाहावी. गावकऱ्यांनी गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेली देवराईच ती, सगळा उतार धौने भरलेला. आपल्याकडे बंद खाणीवर काम करू पाहणाऱ्यांनीही आधी जवळची देवराई गाठावी, तिथली झाडं-गवतं नोंदवावीत आणि रोपांची यादी त्यावरून करावी. रोपवाटिकेत काय मिळतं, ते नंतर बघता येईल.