बालगटाची वचन पाठांतर स्पर्धा: पोरं घाबरतात ती माईकला

चर्चमध्ये बायबलच्या वचनांच्या पाठांतर स्पर्धेची नोटीस लागली की आधी आया टेन्शनमध्ये येतात, पोरं नंतर. "टीचर किती वचनं आहेत, अध्याय पण सांगायचाय का, अडकलं तर मार्क कापणार का", नोटीस धड वाचायच्या आधीच हे सगळं विचारून झालेलं असतं. मी इथं सोलापुरात संडे स्कूलचा (रविवारी चर्चमध्ये भरणाऱ्या मुलांच्या वर्गाचा) बालगट घेते, म्हणजे तीन ते सहा वर्षांची चिल्लीपिल्ली, आणि माझं आता ठाम मत झालंय की या वयाच्या पोरांना पाठांतराचा काडीचाही त्रास नसतो. टीव्हीवरच्या जाहिराती, वरातीतली गाणी, आजी शेजारणीशी भांडताना काय काय बोलली ते, सगळं न शिकवता तोंडपाठ. त्रास होतो तो एकट्यानं उठून पुढं जायचा, टेबलामागं बसलेल्या तीन गंभीर चेहऱ्यांकडं बघत माईकमध्ये बोलायचा. आणि आपण नेमकी त्याचीच स्पर्धा घेतो आणि नाव देतो पाठांतराचं.

एक पोरगी होती, पायरीवर बसून शेंगाची चिक्की खात खात बायबलमधल्या २३व्या स्तोत्राच्या सहाही ओव्या (म्हणजे वचनं) धडाधड म्हणून दाखवायची, मध्येच पायातली चप्पल नीट करायची, तरी तार तुटायची नाही. स्टेजवर गेली आणि फ्रॉकचं टोक तोंडात घातलं ते काढलंच नाही. कूलरचा घों घों आवाज, माईकची शिट्टी, आई खालून ओठ हलवतेय, परीक्षक म्हणतायत "बोल बाळा, बोल". शून्य मार्क. मला सांगा, तिला येत नव्हतं?

म्हणून बालगटाला आता स्टेज नाही, माईक नाही. खाली सतरंजी टाकायची, पोरं गोल करून बसवायची आणि परीक्षकांनी पण खालीच बसायचं, पोरांच्या मध्ये (एका काकांचे गुडघे दुखतात, त्यांना उशी देतो). पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून म्हणायचं. मग साखळी, म्हणजे एक जण म्हणणार "परमेश्वर माझा", शेजारचा "मेंढपाळ आहे", पुढची "मला काही", त्याच्या पुढचा "उणे पडणार नाही". वेग वाढवत न्यायचा, पोरं खिदळायला लागतात, आणि दोनचार फेऱ्या झाल्या की प्रत्येकाला अख्खं वचन येतं कारण आपला नंबर कधी येणार हे बघायला दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. मग विचारायचं, कोण एकटं म्हणणार? निम्मे हात आपोआप वर. "मला येतंय की टीचर, मला येतंय की!" ज्याचा हात वर गेला नाही त्याला मैत्रिणीचा हात धरून दोघांनी म्हणायची मुभा, आणि त्याला मार्क तेवढेच. यावर बऱ्याच मोठ्यांच्या भुवया वर जातात. जाऊ देत.

हातवारे तर हवेतच. वचनात जे आहे ते पोरांनी डोळ्यांनी बघितलेलं असलं की निम्मं काम झालं. आपल्याकडं मेंढरं दाखवायला चित्राची गरज नाही, गावाबाहेर पडलं की कुठं ना कुठं कळप आडवा येतो, रिक्षा थांबते आणि धनगरदादा तोंडानं ट्टर्र ट्टर्र करत मेंढरं कडेला घेतो. आमच्यातल्या एका पठ्ठ्याला तो आवाज इतका आवडला की त्याचं २३वं स्तोत्र त्या ट्टर्रनंच सुरू होतं. आवाज काढल्याशिवाय पुढचं आठवतच नाही. परीक्षकांनी हसून चालवून घेतलं, आणि का घेऊ नये.

आता अध्याय आणि ओवी नंबर सांगायचा मुद्दा, ज्यात सगळ्यात जास्त पोरं रडतात. वचन व्यवस्थित येतं पण "योहान तीन सोळा" (योहान या पुस्तकाचा तिसरा अध्याय, सोळावी ओवी) याच्या जागी "योहान सोळा तीन" होतं आणि गेले दोन मार्क. अहो पाच वर्षांच्या पोराला अजून घराचा नंबर सांगता येत नाही! आणि तसं बघितलं तर हे नंबर बायबल लिहिणाऱ्यांनी घातलेलेच नाहीत. आज वापरतो ते अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, आणि नव्या करारातले (बायबलच्या दुसऱ्या भागातले) आजचे ओवी नंबर रॉबर्ट एस्टिएन नावाच्या छापखानेवाल्यानं १५५१ साली घातले. त्याच्या आधी शेकडो वर्षं लोक वचनं पाठ करतच होते ना, नंबराशिवाय? म्हणून बालगटाला फक्त पुस्तकाचं नाव विचारायचं, ते पण सांगितलं तर बोनस. नंबर मोठ्या गटापासून.

काय पाठ करायला द्यायचं हे ठरवताना आपण नेहमीची तीच चारपाच वचनं काढतो. माझं आवडतं आहे ११७वं स्तोत्र. अख्ख्या बायबलमधला सगळ्यात छोटा अध्याय, फक्त दोन ओव्या. तेवढं पाठ झालं की पोराला सांगायचं, तुला एक पूर्ण अध्याय पाठ आहे! मग ते पोरगं आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतं आणि त्या नादात वचनाची पण उजळणी होते. आणि पाठ करायला सोपं जावं अशी सोय जुन्या लोकांनी सुद्धा केलेली दिसते. ११९वं स्तोत्र १७६ ओव्यांचं, सगळ्यात मोठं, पण हिब्रूत ते २२ अक्षरांवर बेतलंय, एकेका अक्षरानं सुरू होणाऱ्या आठ आठ ओव्या, अक्षरं ओळीनं घेतली की पुढचं सापडतं. मग आपण टाळ्या, चाल, चित्रं वापरली की "हे काय पोरखेळ" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

सोलापूरची एक वेगळीच अडचण आहे. वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, शाळा इंग्लिश मीडियम आणि संडे स्कूल मराठीत. वचनाची चिठ्ठी घरी दिली तर वाचणार कोण? आईला पण मराठी बोलता येतं, वाचताना अडखळते. त्यात कुणी मोबाइलच्या ॲपमधून वेगळंच भाषांतर काढून पाठ करून घेतं आणि स्पर्धेच्या दिवशी गोंधळ. यावर साधा उपाय निघाला, व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आवाजात व्हॉइस नोट, हळू, तुकडे पाडून, शेवटी एकदा सलग. एक आई विड्या वळता वळता ती नोट लावून ठेवते, पोरगं शेजारी खेळत असतं, न बसवता पाठ. रोज थोडं थोडं ऐकलेलं टिकतं, शनिवारी रात्री दटावून घोकून घेतलेलं सोमवारी गायब असतं. आणि जे पोर अडखळत बोलतं किंवा फारसं बोलतच नाही त्याच्यासाठी चित्रांची कार्डं ठेवायची, त्यानं वचनाच्या क्रमानं लावून दाखवली की झालं, ते पण पाठांतरच.

शब्द न् शब्द बरोबर हवा का, यावर मात्र आमच्यात अजून वाद आहे. एका ठिकाणी (नाव नको) लहानगीनं "प्रीती"च्या जागी "प्रेम" म्हणलं म्हणून तिला बाद केलं. मोठ्या गटाला शब्द नेमके हवेत हे मला मान्य आहे, वचन आपल्या मनानं बदलायचं नसतं. पण चार वर्षांची पोरगी प्रीतीला प्रेम म्हणते म्हणजे तिला कळलंय की हो! साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी आपल्या सोलापूर-पुणे लाइनवरच्या केडगावात बसून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, १९२२ला त्या गेल्या तोपर्यंत तेच काम चालू होतं. समजण्याला तेवढी किंमत देणारी बाई आपल्याकडंच होऊन गेली आणि आपण प्रेमावर मार्क कापतोय.

बक्षिसांचं थोडक्यात. बालगटात पहिला दुसरा तिसरा नाही, सगळ्यांना सारखं, रंगीत खडू नाहीतर पाण्याची बाटली. चषक मोठ्यांना द्या. आणि स्पर्धा मे मध्ये असेल तर सकाळी आठला सुरू करून दहाच्या आत संपवा, आपल्याकडं अकरानंतर पत्र्याखाली मोठ्यांचं डोकं चालत नाही तर पोरांचं काय चालणार.

आता डिसेंबरच्या स्पर्धेआधी पास्टरांशी एक विषय बोलायचाय. घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरांनी वचन तेलुगूत म्हणलं तर चालेल का? मी म्हणते चालेल, फक्त तेलुगू जाणणारा एक परीक्षक सतरंजीवर बसवावा लागेल, आणि अशा दोन आज्ज्या आमच्या मंडळीत (चर्चच्या लोकांत) आहेत, त्यातल्या एकीनं तर आत्तापासूनच होकार देऊन ठेवलाय.