तुम्ही विचारलंत म्हणून: बर्ट विल्यम्स बघायचा कसा?

मूकपटांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: तोंडाला काजळी फासून गोऱ्या प्रेक्षकांना हसवणाऱ्या बर्ट विल्यम्सला थोर नट का म्हणायचं?

बहामातल्या नासाऊत १८७४ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय नट बराच उजळ होता. पण अमेरिकन रंगभूमीला ठरलेलं सोंगच हवं होतं: जाळलेल्या बुचाची पूड पाण्यात कालवून चेहऱ्यावर लेप, ओठांभोवतीची जागा मोकळी. १९१० मध्ये झीगफेल्डच्या फॉलीजमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या भव्य नाचगाण्यांच्या आणि विनोदाच्या रंगमंचीय कार्यक्रमात, तो गोऱ्या नटांच्या बरोबरीने उभा राहिला, तोही याच लेपात. तो अपमानच होता. शिवाय लेपाखाली चेहऱ्याच्या बारीक हालचाली बुजतात. विल्यम्सने मग सगळा अभिनय डोळ्यांत, मानेत आणि बोटांत आणला.

१९१६ चा ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ बघा. शेवटी तो कोठडीत एकटाच पोकर खेळतो. पत्ते नाहीत, भिडू नाहीत. तरी तो पिसतो, वाटतो, डाव लावतो आणि हरतो. या खेळात हातात पाच पत्ते असतात, नकोसे टाकून नवे घ्यायचे. एकच पत्ता बदलणाऱ्याकडे चांगला हात असू शकतो, नाहीतर तो एका पत्त्यासाठी अडलेला असतो. एवढं माहीत असलं की त्याची नजर कुणाकडे वळते आणि का, ते उलगडतं. समोरचे भिडू आपल्याला दिसायला लागतात. माझ्या मते मूकपटातला हा सर्वोत्तम एकपात्री प्रसंगांपैकी एक आहे.

मात्र प्रत नीट निवडा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी, म्हणजे फिल्मवरची सुटी चित्रं. तीच फिल्म चोवीसने चालवली की मिनिटभराचा प्रसंग चाळीस सेकंदांत उरकतो, आणि विल्यम्सचे थांबे नाहीसे होतात. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर वेग दोन तृतीयांश करा.

त्यानंतर ‘लाइम किल्न फील्ड डे’कडे वळा. १९१३ मध्ये कृष्णवर्णीय नटसंच घेऊन चित्रित झालेला हा चित्रपट पुरा झालाच नाही. त्याच्या निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पडून होत्या. जुळणी करून २०१४ मध्ये त्या दाखवल्या गेल्या. लेप फक्त विल्यम्सच्या तोंडावर आहे, बाकीचे आपापल्या चेहऱ्याने वावरतात. नायिकेसोबतचं प्रेम आणि चुंबनही थट्टेविना येतं. एकाच शॉटचे अनेक टेक शिल्लक असल्याने ते एकापाठोपाठ लावून बघा: तीच कृती करताना तो कुठे थांबतो, काय गाळतो, हे तिथे तपासता येतं.