असईचा हत्ती ग्लासगोच्या बाजारात

ग्लासगोच्या पूर्व भागात बॅराज नावाचा जुना बाजार शनिवार-रविवारी भरतो. मागच्या रविवारी तेथे पुस्तकांसाठी एखादी स्वस्त मांडणी मिळते का, हे पाहायला गेलो होतो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर लष्करी बिल्ल्यांचे तबक होते आणि त्यातल्या एका बिल्ल्यावर सर्वांत खाली अंगठ्याच्या नखाएवढा हत्ती कोरलेला होता. स्कॉटलंडमध्ये हत्ती कशाला, म्हणून बिल्ला उचलला, तर हत्तीच्या वरच्या पट्टीवर रोमन अक्षरांत चक्क 'असई' लिहिलेले होते. माझे आजोळ भोकरदनजवळचे; तेथून जाफराबादच्या बाजूला निघाले की असई फार दूर नाही. ते नाव आपल्या भागातल्या एखाद्या एसटीच्या पाटीवर शोभावे, असे मला आजवर वाटत होते.

विक्रेता स्वतः लष्करात बरीच वर्षे काढलेला गृहस्थ निघाला आणि बिल्ला कसा वाचायचा, हे त्याने पंचांग समजावावे तसे समजावले. मागची चांदणी ही थिसल या स्कॉटिश मानचिन्हाची, म्हणजे पलटण स्कॉटलंडची. मधला कर्णा, म्हणजे लाइट इन्फन्ट्री, अर्थात चपळ, हलके पायदळ. कर्ण्याच्या वेटोळ्यात गुंफलेली तीन अक्षरे हायलँड लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे खुद्द ग्लासगो शहराची रेजिमेंट. ती 1959 मध्ये दुसऱ्या रेजिमेंटशी एकत्र होऊन नवी रेजिमेंट बनली, तेव्हा बिल्ला त्याआधीचा. तबकातल्या इतर अनेक बिल्ल्यांचा काळ मुकुटावरून ओळखायचा: कमानी घुमटासारख्या गोल असतील तर विसाव्या शतकातल्या राजांच्या कारकिर्दीतला, मध्यभागी खचलेल्या असतील तर राणी एलिझाबेथच्या. ही विद्या मला फारच आवडली. लंडनला पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा राजवाड्यासमोरचे सगळे लाल कोटवाले मला सारखेच दिसत. आता कळले की गार्ड पलटण ओळखायला नुसती कोटाची बटणे मोजायची असतात: एकेक सुटे असेल तर ग्रेनेडियर, जोडीने असतील तर कोल्डस्ट्रीम, तिनाच्या गटात स्कॉट्स, चाराच्या आयरिश आणि पाचाच्या वेल्श.

पण हत्ती डोक्यातून जाईना. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली लढला, हे आपण शाळेत अर्ध्या परिच्छेदात शिकलो. पुढचे विक्रेत्याने सांगितले. त्या दिवशी वेलस्लीकडे गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या, 74वी आणि 78वी, आणि दोन्ही स्कॉटिश. यांपैकी 74वी शिंद्यांच्या तोफांसमोर अशी सापडली की तिचे सुमारे 400 जण मेले किंवा जखमी झाले. लष्करी पलटणीजवळ एरवी दोन निशाणे असतात, एक राजाचे आणि एक रेजिमेंटचे. या पलटणींना असईसाठी मानाचे तिसरे निशाण मिळाले आणि हत्ती हे चिन्हही मिळाले. पुढे 74वी हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिसळली आणि हत्ती तिच्यासोबत तेथे आला. तिचा वारसा सांगणारी बटालियन 23 सप्टेंबरला आजही 'असई दिन' पाळते.

हे ऐकताना मला आधी अभिमानच वाटला, हे कबूल केले पाहिजे. ज्या तोफखान्यापुढे उभे राहिल्याची खूण दीडशेहून अधिक वर्षे मिरवावीशी वाटली, तो तोफखाना आपला होता. मग विक्रेत्याने सहज विचारले की तुमच्याकडे त्या जागी काय आहे, आणि माझी पंचाईत झाली. सुट्टीत आजोळी जाताना त्या फाट्यावरून मी कितीदा गेलो असेन, पण आत कधी वळलो नाही. पराभवाची स्मृती कोण जपणार, असे काहीसे मी बोललो. घरी येताना बसमध्ये लक्षात आले की हे उत्तर खोटे आहे. पानिपत हाही पराभवच होता, आणि तो आपण इतका जपला की मुलगा परीक्षेत नापास झाला तरी त्याचे पानिपत होते. मग असईचेच काय झाले? कदाचित असे असेल, की पानिपतावर शत्रू स्पष्टपणे परका होता. असईला वेलस्लीच्या बाजूने मद्रासचे शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते आणि खुद्द पेशव्यांचे घोडदळही होते. अशी लढाई कोणत्या बाजूने आठवायची, हे ठरवणे सोपे नाही.

शिवाय ब्रिटिशांना नावे ठेवताना मला बेळगावही आठवते. तिथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हातही कर्णा आहे, आणि तो याच परंपरेतला. आपली जंगी पलटण 1768 ची आणि काळी पाचवी 1769 ची. तिच्या या दोन्ही बटालियन कंपनी सरकारनेच उभारलेल्या. हिंदुस्थान जिंकण्यासाठी मिळालेले युद्धसन्मान स्वतंत्र भारताच्या सैन्याने मिरवणे सोडले, हे मला योग्यच वाटते; कर्णा ठेवला, तेही योग्यच वाटते. यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला ती तशी वाटत नाही, निदान परदेशात बसून तरी नाही.

बिल्ला घेतला. घासाघीस केली नाही, आणि आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे. विक्रेता त्या गावाचे नाव 'असाये' असे उच्चारत होता, तेव्हा मी 'असई' असे दोनदा म्हणून दाखवले. त्यानेही दोनदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा बरेच जमले, आणि मग कागदी पुडीवर त्याने पेन्सिलीने जुन्याच स्पेलिंगने नाव लिहून दिले.