तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फाला पांढरा रंग किती लागतो?

बर्फाच्छादित गावाचे माझे एखादे तैलचित्र पाहिले की लोक हमखास विचारतात, जन्मभर मुंबईत राहिलेल्या माणसाला बर्फ रंगवता येतो कसा आणि त्याला पांढरा रंग किती लागतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. पांढरा रंग पुष्कळ लागतो; मात्र कशाचीही भर न घातलेला, निव्वळ पांढरा अगदी थोडाच.

बर्फ त्याच्यावर पडणारा प्रकाश जवळजवळ तसाच परत पाठवतो. म्हणून कलत्या उन्हातला बर्फ पिवळसर दिसतो, आणि कुंपणाच्या सावलीत सूर्य पोहोचत नसला तरी वरून निळ्या आकाशाचा उजेड येतच असल्यामुळे ती सावली निळी दिसते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८६८-६९ च्या हिवाळ्यात नॉर्मंडीतील एत्रता गावाजवळ रंगवलेल्या ‘मॅगपाय’ या चित्रात फाटकावर एक काळा-पांढरा पक्षी बसलेला आहे, पण नजर खिळते ती कुंपणाच्या निळसर सावलीवर. १८६९ च्या पॅरिस सलोंने, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनाने, हे चित्र नाकारले. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे. हाच निळेपणा पाहायला मुंबईकराने हिमाचल गाठण्याचे कारण नाही. हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पाण्याच्या टाकीची सावली पडलेली असते, ती नीट न्याहाळावी.

प्रत्यक्ष कामात मी कोऱ्या कॅन्व्हासवर प्रथम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या यलो ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) हात फिरवतो, कारण पांढऱ्या पृष्ठभागावर पांढऱ्याच्या छटा पारखता येत नाहीत. त्यानंतर घरांच्या भिंती, झाडांची खोडे असे गडद भाग येतात. त्यांच्यासाठी काळा रंग न घेता अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करतो. सावलीतल्या बर्फासाठी पांढऱ्यात कोबाल्ट ब्लू आणि किंचित ॲलिझरिन क्रिमसन हा गडद लाल, तर उन्हातल्या बर्फासाठी यलो ऑकरचा नुसता स्पर्श. हे फटकारे एकमेकांत घोटायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे; छपरावर उताराच्या दिशेने, रस्त्यावर चाकोरीच्या दिशेने. निव्वळ पांढऱ्याचे मोजके जाड ठिपके सर्वांत शेवटी, जिथे ऊन थेट पडते तिथेच. (प्रत्येक खिडकीत पिवळा दिवा लावून गाव उबदार करण्याची बाजारी चित्रांची हौस मला मुळीच पटत नाही; भर दुपारी दिवे कोण लावतो?)

मुंबईत खरी अडचण येते ती चित्र वाळवण्याची. तैलरंग ज्यात घोटलेले असतात ते जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते. दमट, ढगाळ दिवसांत ही क्रिया रेंगाळते आणि जाड थर तर आठवडेच्या आठवडे ओला राहतो. म्हणून खालचे थर कमी तेलाचे ठेवावेत आणि पांढऱ्यासाठी करडईच्या तेलात घोटलेला टिटॅनियम व्हाइट मिळाला तर तो घ्यावा, कारण तो जवसाच्या तेलातल्या पांढऱ्याइतका पिवळा पडत नाही. ओले चित्र कपाटात कोंडून ठेवू नये. अंधारात तेल अधिक पिवळे पडते. तसे झालेच, तर वाळलेले चित्र खिडकीजवळ, थेट ऊन न लागेल अशा बेताने ठेवावे; तो पिवळेपणा बराचसा उतरतो.